हँगिंग गार्डन, मंगळवार

बालवाडीला सुट्टी, म्हणून आलो.
ओजस साडेतीन वर्षांचा, एका चपलेचा बेल्ट सुटत आलेला.
झुडपाच्या हत्तीपाशी थांबला.
माळी कात्रीने हत्तीचे कान नीट करत होता.
"दुखतं त्याला?"
माळी म्हणाला, "तू नखं कापतोस ना, तसंच."
ओजसने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

मग मी त्याला गुपित सांगितलं:
या हिरवळीखाली पाणी आहे.
खूप. झाकून ठेवलेलं.
आपण पाण्याच्या गच्चीवर उभे आहोत.

एकतीस वर्षं पाणीखात्यात चावीवाला होतो.
पहाटे साडेचारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लांब चावी छातीने रेटत फिरवायची,
की गिरगावातल्या चाळींमधून
बादल्या वाजायला लागायच्या.
शिव्याही खाल्ल्या, पाच मिनिटं उशीर झाला तर.
पण या पाण्याच्या डोक्यावर
गूळपोळीचा डबा उघडून
कधी बसलो नव्हतो.

ओजस पालथा झाला. गवताला कान लावला.
लगेच शिट्टी. वॉचमन तरातरा आला,
"काय चाललंय?"
"श्श," ओजस म्हणाला, "झोपलंय ते."
वॉचमन माझ्याकडे बघत राहिला.
मग शिट्टी खिशात टाकून
चप्पल न वाजवता गेला.

निघताना नळाशी तहान लागली त्याला.
मी सवयीने तोटी फिरवली, पुरती.
त्याने मनगट धरलं माझं.
"हळू ना, आजोबा."

करंगळीएवढी धार ठेवली.
ओंजळ भरायला वेळ लागला,
मागे रांग झाली.

फाटकापाशी चपलेचा बेल्ट तुटलाच.
कडेवर घेतलं त्याला,
गवताचा एक ठसा
अजून कानावर होता.