प्रश्न क्रमांक सात

मेडिकलची ओपीडी, खोली नंबर चौदा.
कूलर अर्धं पाणी माझ्या रजिस्टरवरच फेकतो.
बोकडे मॅडमनी एक पान दिलं, बारा प्रश्न,
म्हणाल्या, "पोरींना समजेल असं करा, सिस्टर.
दुखणं लवकर हाती लागलं पाहिजे."

सातवा असा होता:
मासिक पाळीदरम्यान शौचास वेदना होतात काय?
तेरा जणींनी तो कोरा सोडला.
टांडापेठेची हर्षाली निमजे, अकरावी,
पेनाचं टोपण चावत बोलली,
"वेदना म्हंजे... तशी नाही.
तसं तर सगळ्यायलेच होते ना.
त्याचा चौकोन कुठी हाये?"

रात्री लाइट गेलेली. गच्चीवर गादी टाकून
मी शब्द आठवत पडले.
कळ. चमक. ठणका.
ओलं लुगडं दोघींनी धरून पिळावं, तसं.
आत कुणी वांगं भाजतंय, तसं.
हे सगळं मला माहीत होतं, सोळाव्या वर्षापासून.
दर महिन्याला दोन दिवस शाळेत माझा बाक रिकामा,
हजेरीत कारण: ताप.
मावशी म्हणायची, लग्न झालं की थांबते.
लग्न झालं.

तेहतिसाव्या वर्षी, धंतोलीत, पोटावर गार जेल,
डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, चॉकलेट सिस्ट.
मला हसूच आलं.
सतरा वर्षं, आणि नाव काय तर चॉकलेट.

सकाळी सातवा खोडला. पेन्सिलीनं लिहिलं:
त्या दिवसांत संडासला बसलं की जीव जाते का?
मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला,
"छापायला असंच द्या" म्हणाल्या.

सोमवारी हर्षालीनं वाचलं.
इकडेतिकडे बघितलं. खूण केली.
मग आठ. मग नऊ, दहा, भराभर,
कुणी पेपर ओढून घेईल अशी.
मी बेरीज केली, सोनोग्राफीची चिठ्ठी जोडली,
सांगितलं, याच्यावरून काही ठरत नाही बाई,
फक्त कुणीतरी नीट बघेल आता.

ती दारापर्यंत गेली. परत आली.
बाहेर बाकावर तिची आई,
मांडीवर डब्याची पिशवी, पुढे वाकलेली,
आम्ही सगळ्या जशा वाकतो तशी.

"सिस्टर, अजून एक कागद हाये का?"

होता.
पेन तिच्याकडेच राहिलं होतं.