धावणं सोडून

व्हर्ना टिझर्डच्या खिडकीतून दिसते
दोन बेटांमधली अरुंद, काळी पाण्याची वाट.
तिचं नाव रन.
पाणी तिथं धावत नाही खरं तर,
भरतीला जरा घाई करतं, एवढंच.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
कुणी त्याचं कारण विचारत नाही.

मी विचारते. भाषांतराच्या धंद्यातली खोड.
हिवाळाभर तिच्या माडीवर भाड्यानं राहिले
आणि एकाच शब्दानं वही भरत गेले.

व्हर्नाचं नाक रन होतं; आपलं वाहतं.
तिचा लाल स्वेटर रन होतो; आपल्याकडे रंग जातो,
आणि सेल्बीचे सगळे बनियन गुलाबी.
पायमोजा रन होतो म्हणजे
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उसवत गेलेली एक रेघ.
रस्ता दीपगृहापर्यंत रन होतो.
आपला नुसता जातो, घाम न येता.
हेडली कीपिंग कौन्सिलसाठी रन होतोय.
आपल्याकडे उमेदवार उभे राहतात,
आणि हेडलीला बघून वाटतं, आपलंच बरोबर:
गॅरेजच्या दारात तो दिवसभर उभाच असतो.

दुकानातलं दूध रन आउट होतं.
‘कॉडही तसाच झाला,’ व्हर्ना सांगते,
दुधाला आणि समुद्राला एकच क्रियापद,
आवाजही तोच.
बंदी आल्यापासून सेल्बी रोज सकाळी धक्क्यावर जातो,
होडीचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतो,
बंद करतो.
‘शी रन्स,’ घरी येऊन सांगतो.
दोरी खुंट्याला तशीच.

‘तुमच्यात आहे का असा एखादा?’
आहे की. लागणे.
भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते,
दृष्ट लागते, गाडी लागते,
आणि कोण कुणाचं काय लागतं
तेही त्यातच.
‘पण मुळात अर्थ काय?’
मुळात?
मी चहाचा कप उगाच फिरवत बसले.

शाळेत मिसेस कॅरीननी फळ्यावर तो शब्द लिहिला,
म्हणाल्या, सुचतील तितकी वाक्यं करा.
गार्लंडनं एकतीस केली. बारा वर्षांचा,
आई आल्बर्टात तेलाच्या कामावर,
म्हणून आजीआजोबांकडे.
पहिलं वाक्य: मी धावतो.
पोस्टापासून चर्चपर्यंत, चढावर,
बर्फ असो नसो, त्याला कुणी गाठलेलं नव्हतं.

मार्चमध्ये त्याला सेंट जॉन्सला नेलं.
छातीवर तारा चिकटवल्या, रक्त काढलं.
व्हर्नाचा बाप जाळं ओढता ओढता गेला होता,
एक्केचाळिसाव्या वर्षी.
भाऊ गोठलेल्या तळ्यावर, हातात हॉकीची काठी.
डॉक्टर म्हणाले, इट रन्स इन द फॅमिली.
आपल्याकडे म्हणतात, घराण्यातच आहे.
असतं आपलं. कोपऱ्यात बसून असतं.
तिथं ते पळतं,
बापाकडून लेकाकडे, लेकीच्या पोटातून नातवाकडे,
मधल्या माणसांना शिवतं न शिवतं.

आणि मग एक साधी सूचना:
यानं पळायचं नाही.

गार्लंडनं खोडरबर घेतलं.
तीस वाक्यं उरली.
कागद तिथं पातळ झाला, उजेडाला धरला तर
अक्षरं दिसत होती.
मिसेस कॅरीननी तरी एकतीसच मोजली.

तो आठवडा घरात कुणी फारसं बोललं नाही.
भांडी मात्र फार वाजायची.

मग एका शनिवारी सेल्बीनं इंजिन सुरू केलं.
दहा मिनिटं झाली. वीस.
मी माडीवरून पाहिलं, खुंट्यावर दोरी नव्हती.
सुकाणूपाशी गार्लंड, कानटोपी मागे सरकलेली,
दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवून,
अजिबात न हलता,
बेटांच्या मधून
असा सुसाट गेला
की मागचं पाणी बराच वेळ दुभंगून राहिलं.

मी खाली आले.
व्हर्ना खिडकीशी होती.
तिचं नाक वाहत होतं.
सर्दी, म्हणाली.
वहीत त्यासाठी रकाना होता.
मी काही लिहिलं नाही.