आस

जाळ्याच्या भोकाला आम्ही आस म्हणतो.
सुरमईला मोठा, बांगड्याला बारीक.
मांजराच्या पंजाला किती,
ते निवतीत कुणालाच सांगता येईना.

कुडाळच्या बाजारातून रुचिताने ससा आणला,
खवलेल्या खोबऱ्यासारखा पांढरा, म्हणून नाव चून.
घरात आधीच दोन मांजरं:
मोरी, आणि तिची लेक, जिला अजून नाव नाही.
त्यांना हाकलायचं कसं?
माळ्यावरची जाळी उंदरांपासून त्यांनीच राखलेली,
आणि ढोम्यांची डोकी घालून घालून
मीच त्यांना वाढवलेलं.

आधी मासळीचा निळा क्रेट, वर जुन्या जाळ्याचा तुकडा.
पहिल्याच रात्री मोरीने हात कोपरापर्यंत आत घातला.
मग कोंबड्यांची तारेची जाळी.
खाऱ्या वाऱ्याने दोन महिन्यांत तिचा भुगा.
शेवटी दाजी मेतराने फुटक्या होडीच्या फळ्या दिल्या,
त्यांचा पेटारा केला, कडीत पितळी खिळा,
मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या करवंट्या.

वेंगुर्ल्याचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला,
पेटारा चांगलाय.
पण ससा पंजानेच मरतो असं नाही,
कुणी रात्रभर समोर बसून टक लावली
तरी त्याचं काळीज थांबू शकतं.

रिक्षात रुचिता गप्प. म्हापणच्या चढावर म्हणाली,
"आये, मोरी नुसती बघता गो. काय करूची नाय."

नुसतं बघणं.
त्याला आस कितीचा घ्यायचा?

आता पेटाऱ्यावर माझं जुनं पातळ असतं, चारी बाजूंनी खोचलेलं,
आणि मी शेजारी चटईवर.
ससा ओरडत नाही. रात्री दोनला मागचा पाय आपटतो:
ठक्.
बॅटरी मारते.
मोरी वरच्या फळीवर, पंजा चाटत,
शेपटीचं टोक तेवढं जागं.
तिला शिवी देत नाही.
दार उघडून दोघींना खळ्यात काढते
आणि तिथंच जरा थांबते, दर्याकडे तोंड करून.
होड्यांचे दिवे मोजते.
सात.
काल नऊ होते.

आत पुन्हा ठक्.
"गेली रे बाबा ती," पातळ वर करून सांगते.
तो कोपऱ्यात सरकतो, माझ्यापासूनच.
नाक भराभर चाललेलं,
कानाला माशाचं एक खवलं चिकटलेलं,
माझ्या हाताचं.