दरपत्रक

कारेलीबागेतल्या दंतवैद्यांच्या भिंतीवर
बारा दिवस मगर काढत होते मी.
विश्वामित्रीतली, अंग चिखलाचं,
जबडा पार छतापर्यंत उघडा,
आणि दात एकेक पांढराशुभ्र, एकाही दाताला कीड नाही,
डॉक्टरांची एवढीच अट.
पैशाचं निघालं तेव्हा ते म्हणाले, तुम्हीच सांगा.
मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते.
त्यांना योग्य वाटले साडेतीन हजार
आणि घरातल्या सगळ्यांचे दात फुकट साफ.

रंगाचेच झाले होते चार हजार दोनशे.
आमच्या घरात आता सगळ्यांचे दात स्वच्छ आहेत.

रावपुऱ्यात बिपिनभाई फ्रेमवाले
हे ऐकून काच कापायचे थांबले.
"बेन, मगरनुं मोढुं खुल्लुं, ने तमारुं बंद?"
मग माउंटबोर्डाचं एक कातरण पुढे सरकवून
लिहायला लावलं:
रंग. ब्रश. रिक्षा. मचाणाचं भाडं.
तुमचे बारा दिवस.
इथे माझं पेन अडखळलं.
दिवसपण लावायचे?
"तो शुं, झाड परथी पडे छे?"
आणि तिसऱ्यांदा निळा बदलून हिरवा मागितला तर?
आणि तुमची मगर उद्या त्यांच्या कॅलेंडरवर आली तर?
कातरण संपलं. त्यांनी दुसरं दिलं.

पाच वर्षं शिकले मी कॉलेजात,
सावलीत जांभळा किती मिसळायचा,
रेघ कुठे सोडून द्यायची.
"अर्धे आधी" हे दोन शब्द
कुठल्या सुरात म्हणायचे ते कुणी सांगितलं नाही.
आरशासमोर म्हणून पाहिले.
पहिल्यांदा माफी मागितल्यासारखे निघाले,
मग भांडल्यासारखे.
दूधवाला महिनाअखेरीला आकडा सांगतो
तसे निघायला दिवाळी उजाडली.

मांजलपूरच्या बालवाडीत आकडा सांगितला
आणि ठरवल्याप्रमाणे गप्प बसले.
गप्प बसणं सगळ्यात अवघड.
सात सेकंदांत मीच दोन हजार कमी केले.
समोरच्या बाईंना नुसती शिंक येत होती.

दांडिया बाजारात बाबांनी चाळीस वर्षं पेटी शिकवली.
आपल्यात पैशाचं बोलत नाहीत, असं तेच म्हणायचे.
कुणी पाकीट तबकाखाली सारून जायचं,
कुणी नुसताच नारळ.
हल्ली मी रात्री बिलं करायला बसले
की चष्मा कपाळावर चढवून मागे उभे राहतात.
काही विचारत नाहीत.

परवा पेटीच्या खोक्यातून
त्यांनी एक लांबट वही काढली.
अष्टपुत्र्यांच्या दोघी, मार्च ते ऑगस्ट, बाकी.
खासनीस वकिलांची मेहुणी, भूप, दुर्गा, अर्धा काफी,
मग बदली सुरतेला, बाकी.
शिर्क्यांचा धाकटा, हात चांगला, बाकी.
प्रत्येक ओळीपुढे तारीख.
मला वाटायचं, ह्यांच्या लक्षातच राहत नाही.

"ह्यातलं एकाचं करून दे," बाबा म्हणाले.
"पाठवायचं नाहीये कुणाला.
नुसतं बघायचंय, दिसतं कसं."

मी नवं पान उघडलं.
नाव: मुकुंद रघुनाथ पाटणकर, पेटीवादक.
"वादक नको. शिक्षक लिही."
तपशील: भूप, दुर्गा, अर्धा काफी.
बाबा, दर?

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
बोटं टेबलाच्या कडेवर
दोन-तीन पट्ट्या दाबून आली.
"दर मंगळवारी," म्हणाले,
"दर शुक्रवारी.
परीक्षा जवळ आली की दर रविवारीसुद्धा."

मी तसंच टाइप केलं.
एकूणच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता,
तिथे काहीच भरलं नाही.

शाई संपत आलेली. कागद फिकट निघाला.
कोरडाच होता,
तरी बाबांनी तो दोन्ही हातांनी
बराच वेळ पंख्याखाली धरला.