चित्रकाराच्या कल्पनेतून

सोमाणींच्या रद्दीत एक इंग्रजी मासिक निघालं,
मधलं पान पिनांतून सुटलेलं.
त्यावर अग्निबाण. काळ्यानिळ्या आभाळात तिरका,
बुडाशी शेंदरी जाळ
आणि टोकाला उकललेल्या शेंगेसारखं काहीतरी.

लोहगावकर सरांनी खालची बारीक ओळ वाचली:
लष्करी उपग्रह आहे. फोटो काढू देत नाहीत.
हे चित्रकाराच्या कल्पनेतून.

दस्तगीर पेंटरच्या नाकातून विडीचा धूर आला.
"म्हंजे यानंबी पाह्यलं नाही?
मग त्याच्यात न् माझ्यात फरक डब्ब्यांचाच."

त्या साली शाळेच्या गॅदरिंगचा पडदा त्यानं रंगवला.
मी हाताखाली. सरस उकळायचा, भांडी विसळायची.
जाळाला पेवडी, धुराला खडू आणि चिमूटभर नीळ.
शेंग मात्र त्याला उमगेना.
शेवटी बोंडासारखी उकलली, चार पाकळ्या, आत पांढरं;
सेलूत बोंड कुणाला कळायचं नाही?
सर म्हणाले, बाण कुठल्या देशाचा तेही लिहा.
त्यानं लिहिलं: दस्तगीर, स्टेशन रोड.

"वरून त्याला काय काय दिसत आसंल?"
सर म्हणतात, तळ, तोफा, धावपट्ट्या.
"अन् सेलू?"
मला सांगता येईना.

उन्हाळ्यात जिनिंग बंद होती, तेव्हा तो पत्र्यावर चढला.
गुडघ्याखाली ओलं गोणपाट,
ते वाळायच्या आत एक काना.
चार दिवसांत पुरुषभर उंचीची अक्षरं, सफेद्यात:
येथे बोर्ड रंगवून मिळतील.
शेवटची वेलांटी पन्हाळीपर्यंत गेली,
मी त्याचे दोन्ही घोटे धरून पालथा.

खालून काहीच दिसत नव्हतं.
गावाला वाटलं, गळती बुजवतोय.
मालकानं पैसेही दिले, गळतीचे.

वर्षांनी ते सगळं खुलं झालं म्हणे.
बाणाचे खरे फोटो मी एकदा पाहिले,
नातसुनेनं दाखवले.
वरून काढलेल्यांच्या ढिगात आमचा पत्रा असेल नसेल,
शोधायला सांगितलं नाही.

शेंग साधीच होती. दोन फाकांची.
आत करडं यंत्र.

मी बराच वेळ बघत राहिलो.
चूक बाणाचीच वाटली.