पलीकडचा हात

कोकुरा स्टेशनामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या कपाटात नऊ जॉयस्टिक मांडलेल्या
आणि दुकानातला पोरगा, छातीवर पाटी ‘उराकामी’,
विचारतो, नातवासाठी का?

माझ्यासाठी, म्हटलं.
तो लाजला. मग एकदम बोलका झाला.

ही बघा, हिच्या पोटात चौकोनी चौकट,
दांडा कोपऱ्यात गेला की कोपराच सांगतो, पोचलास.
ही अष्टकोनी, नवशिक्याला धीर देते.
ही कोरियाची, हिला चौकटच नाही,
नुसता रबराचा गळा, ताणाल तितका ताणेल,
सोडलात की दांडा मुकाट मधोमध.
आणि वजन बघा, मांडीवर घ्या,
साडेतीन किलो, भांडणात जागची हलायची नाही.

मी घेतली मांडीवर.
तळहात वर, दांडा दोन बोटांच्या बेचक्यात,
कोंबडीखालून अंडं काढावं तसा लाल गोळा धरला.
पुढे, खाली, तिरकं.
पुढे, खाली, तिरकं.
तेहतीस वर्षं बस हाकून खांदा कामातून गेलाय,
मनगट मात्र अजून चौऱ्याण्णव सालातच उभं,
मशीनच्या काठावर शंभर येनच्या नाण्यांची चळत रचून.

सुझुरान गेम सेंटरात मशीनं पाठीला पाठ लावून असायची.
समोर कोण बसलंय, दिसत नसे.
अकरा वर्षं दर गुरुवारी
मी एकाच माणसाशी लढलो आणि त्याला पाहिलं नाही.
नाणं खाली पडलं म्हणून वाकलो तेव्हा एकदा
त्याचे पांढरे रबरी बूट दिसले,
डाव्या टाचेला मासळीचं खवलं.
बस्, तेवढीच ओळख.
बाकी सगळी कानाने.
फेरी सुरू होण्याआधी तो एक बटण दोनदा, उगाच, रिकामं दाबायचा,
टक् टक्,
कुणाच्या घरात शिरण्याआधी माणूस खाकरतो तसं.
मग मला मार मार मारायचा.

एका गुरुवारी शटर खाली होतं, त्यावर कागद.
कागदासमोर मी थोडा वेळ उभा राहिलो.
बूट घातलेलं कुणी आलं नाही,
किंवा येऊन गेलं असेल.

आता घरबसल्या खेळतात, उराकामी म्हणतो,
समोरचा नागोयात असेल, पेरूत असेल.
आणि त्याचे हात, मी विचारलं, ऐकू येतात?
तो हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने विनोद केला.

शेवटी तो मुद्द्यावर आला. ही बिनआवाजी घ्या काका,
आपली घरं म्हणजे कागदाच्या भिंती.
मी बटण दाबलं. बोट कापसात बुडालं.
शेजारचं दाबलं, त्या दुसऱ्या जॉयस्टिकचं,
तर जिन्यातल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

चिझुए पहाटे साडेतीनला बेकरीत जाते.
सरकत्या दारापलीकडे, दोन हातांवर, तिची उशी.
तेव्हा बिनआवाजीच. हा प्रश्नच नव्हता.

पैसे देता देता म्हटलं, एक काम करशील?
सगळ्यात डावीकडचं तेवढं काढ,
तिथं ते वाजणारं बसव. एकच.
त्याने पाठ उघडली, दोन तारा सोडवल्या,
बटण खाटकन बसवलं, हिशेबात एकशे ऐंशी येन वाढवले,
का म्हणून विचारलं नाही. भलं होवो त्याचं.

आता रात्री अकराला कुणीतरी समोर येतं,
परदेशी नाव, वाचता न येणारं.
मी हरतोच बहुधा. पोरं फार चपळ आहेत.
पण फेरीआधी मी ते बटण दोनदा दाबतो,
टक् टक्,

आणि दारापलीकडून चिझुए झोपेतच विचारते,
बघा हो, कोण आलंय?