नस

छत्तीस वर्षं मेडिकलला काढली मी,
वॉर्ड तेवीस, मग अठरा, मग पुन्हा तेवीस.
किती नसा शोधल्या असतील, हिशेब नाही.
कळमन्याच्या हमालांच्या, दोरखंडासारख्या वर आलेल्या,
गॅस्ट्रोच्या लेकरांच्या,
नस असून नसल्यासारखी.

आता रिटायर होऊन दीड वर्ष झालं
आणि श्रुतिका म्हणते, मावशी, एकदा ड्रिप घेऊन तर बघ,
थकवा जातो, चेहऱ्यावर तेज येतं,
पैसे मी देते, क्लिनिक तू निवड.
तुला तर कळतं ना त्यातलं.

मला हसू आलं.
कुही-मांढळकडचे म्हातारे यायचे, म्हणायचे,
गोळ्या नको बाई, बाटली लावून दे न एक,
बाटलीशिवाय गेलो तर गावात काय सांगू?
आम्ही त्यांना अडाणी म्हणायचो.

मे महिना. छेचाळीस.
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा,
निघाले.

पहिलं धरमपेठेत. लिफ्ट, गवती चहाचा वास,
मागे कलणाऱ्या पांढऱ्या खुर्च्या
आणि मेनूकार्ड. हो, मेनूकार्डच.
नऊ बाटल्या, नावं आइस्क्रीमसारखी.
मॅडम, गोल्ड घ्याल की प्लॅटिनम?
मी म्हटलं, ॲम्प्यूल दाखव, तारीख बघते.
स्टॉक आत आहे मॅडम.
हा 'आत' मला ठाऊक आहे.
औषध संपलं की आम्हीही नातेवाइकांना
आतच दाखवायचो.

दुसरं मानेवाडा रोडला,
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, अर्ध्या भावात.
वापरलेल्या सुया पाण्याच्या रिकाम्या बाटलीत,
झाकण उघडं.
डॉक्टर कुठे आहेत?
सर फोनवर असतात.
जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही मी.

तिसऱ्याचं नाव कोणी सांगितलं नव्हतं.
सदरला चपला शिवायला थांबले होते,
समोर पाटी दिसली, अर्धी उन्हानं उडालेली.
एक खोली, वाळ्याचा कूलर, दारात माठ.
डॉक्टर बोकारे बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान,
म्हणाल्या, बसा. आधी पाणी प्या.
मग शुगर, बीपी, किडनी,
कोणत्या गोळ्या, कधीपासून, कोणी दिल्या.
मी परीक्षा घ्यायला गेले होते,
उत्तरं मीच देत बसले.

रक्त तपासू, मग बघू, त्या म्हणाल्या.
बहुतेक तुम्हाला बाटलीची गरजच नाही.
आणि कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता,
झोप लागते का?

इतका साधा प्रश्न. घरात कोणी विचारला नव्हता.
नाही, मी म्हटलं. तीनला जाग येते.
तीनला काय असतं?
राउंड, मी म्हटलं,
आणि पुढचं बोलता आलं नाही.

रक्त घ्यायला एक पोरगी आली, मोनाली,
नवीकोरी, बॅजचा प्लास्टिकसुद्धा निघाला नव्हता.
तिनं माझा हात उलटा केला,
चापटी मारली नाही,
दोन बोटांनी नुसतं दाबून पाहिलं,
दार वाजवण्याआधी आत कोणी आहे का ऐकावं तसं.

ही पद्धत पुस्तकात नाही.

कुठं शिकलीस गं हे?
उके सिस्टरनं शिकवलं.
उके सिस्टर नव्वद साली माझ्या हाताखाली होती,
रडायची पहिल्या महिन्यात, सुया वाकवायची.
मी काही बोलले नाही.
माझाच हात दोन जणींच्या हातांतून फिरून
आता माझी नस शोधत होता,
आणि त्याला ती पहिल्याच खेपेला सापडली.

संध्याकाळी श्रुतिकाचा फोन. मिळालं का क्लिनिक?
मिळालं.
आणि ड्रिप?
ती नाही दिली त्यांनी.
मग काय उपयोग? ती म्हणाली.
मी कोपराच्या खळगीतला कापूस अजून काढला नव्हता.

दुखतंय का, असं विचारलं होतं मोनालीनं,
सुई काढताना, अंगठा दाबून धरून.
हो, म्हटलं मी. थोडं.
दुखत नव्हतं.